दादाच्या पायाखालचा आवाज

श्रावण अर्धा सरला की माझ्या नाकाला काहीतरी होतं. रोह्यात, नदीपासून दोन गल्ल्या आत, मी कंपनीची शिफ्ट संपवून चहाचं आधण ठेवत असते आणि एकदम ओल्या शाडूचा वास येतो. रोह्यात शाडू कुठून येणार? तो वास पेणचा, माझ्या माहेरचा, दादाच्या गणपतीच्या कारखान्यातला. यंदाही आला, आणि त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला की रंगाला हात घातलाय, तू कधी येतेस. मी म्हटलं, मला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, मग यायला काय मुहूर्त बघतेस? वहिनीच्या तोंडाला लागून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, म्हणून रविवारी येते म्हणाले आणि फोन ठेवला.

शाडूच्या मागोमाग दुसरा एक वास येतो. सोल्डरच्या तारेतली राळ जळते तेव्हा जो पांढरा धूर निघतो, त्याचा. शाडू आणि राळ, या दोघांची माझ्या डोक्यात गाठ बसली ती दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. ती आता सुटायची नाही. सुटूही नये.

पेणचा गणपतीवाला गिटार वाजवतो म्हटलं की बाहेरच्या माणसाला गंमत वाटते. आमच्या आळीला कधी वाटली नाही. आळीची बेंजो पार्टी होती, म्हणजे हळदीला आणि मिरवणुकीला वाजवणारा ताफा, आणि त्यात दादा गिटारवर. दिवसभर मातीत हात आणि संध्याकाळी तारांवर. नखांतली शाडू तारांना लागायची, तारा गंजायच्या, आणि वहिनी म्हणायची की या माणसाच्या पगारातला अर्धा भाग तारांनीच खाल्ला. पगार कसला, कारखाना घरचाच. पण बोलायला काहीतरी लागतं.

आमच्या घरची एक रीत आहे. हरतालिकेच्या संध्याकाळपर्यंत कारखान्यातल्या सगळ्या मूर्ती आपापल्या घरी जातात. फळ्या रिकाम्या होतात. मग शेवटी आमचा घरचा गणपती निघतो. तो कारखान्याच्या उंबऱ्यात आणून ठेवायचा आणि दादाने पायरीवर बसून वाजवायचं. आधी आरतीची चाल, इतकी हळू की पागोळ्यांचं पाणी ऐकू यावं. आणि तिथूनच, मधे न थांबता, नाचाच्या चालीवर जायचं, आख्खी आळी गोळा होईल अशा आवाजात. मधे थांबायचं नाही, कारण देव उंबऱ्यात उभा असतो. थांबलं तर तो परत आत वळेल, असं आमचे आजोबा सांगायचे. आजोबांच्या काळी हार्मोनियम होती, दादाने तिथे गिटार आणली. देवाने काही तक्रार केली नाही.

तर दोन वर्षांपूर्वी, त्या पावसाळ्याआधीच्या थंडीत, दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू. देवाच्या कृपेने माणूस वाचला, बोलणं आलं, चालणंही आलं, उजवा पाय जरा ओढत. हातही आला. कप धरतो, शर्टाची बटणं लावतो. पण हाताला वजन कळेना. हळू म्हणजे किती आणि जोरात म्हणजे किती, हे जे हाताला आपसूक कळतं, ते गेलं. मूर्तीचे डोळे आखताना रेघ बारीक सुरू होऊन मधे जाड व्हायची असते. त्याची रेघ सगळी सारखी यायला लागली. त्याने कुंचला खाली ठेवला आणि वहिनीकडे सरकवला. वहिनी डोळे आखायला लागली, चांगले आखायला लागली. ती आखत असली की दादा तिथून उठून मागे मातीच्या पोत्यांकडे जाऊन बसायचा.

गिटारचंही तेच. डावा हात पूर्वीसारखा पळायचा, पण उजवा तारेवर पडायचा तो एकाच मापाने. आरती तशीच आणि नाचही तसाच. आषाढात मी गेले तेव्हा गिटार खिळ्याला टांगलेली होती आणि तिच्यावर रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून जुनी साडी गुंडाळलेली. मी विचारलं, यंदा उंबऱ्यावर काय? दादा मातीचा गोळा मळत म्हणाला, "मोबाईलवर लाव गो कायतरी. देवाला काय, आवाज पायजे."

मी त्या दिवशी परत येताना सगळ्या वाटेवर रडले. एसटीत खिडकीशी बसले होते, काच बंद होत नव्हती, तोंडावर पाणी येतच होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. गडब गावाजवळ लावणी आटपलेली होती. शेतांत पाणी आणि पाण्यात कोवळी रोपं, आणि मी मनात दादाचा उजवा हात बघत होते. एका मापाचा हात. कंपनीत माझं खातं इन्स्ट्रुमेंटचं. टाकीत किती दाब आहे, किती उष्णता आहे हे सांगणारी यंत्रं खरं बोलतात की नाही, ते मी तपासते. एका मापाचा सिग्नल मला नवा नव्हता. मापं दोन हवी असतील तर ती पुढे करून घेता येतात. नागोठणं येईपर्यंत माझे डोळे कोरडे झाले होते. हाताला जमत नसेल तर पायाला देऊ. एक बटण, पायाखाली. वर असेल तेव्हा आरती, दाबलं की खाली अडकून राहील आणि नाच.

तयार मिळतात की अशी बटणं, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मिळतात. एक मागवून बघितलंही. दादाने वाजवून बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, हा माझा आवाज नाय. त्याचा आवाज पार्टीच्या जुन्या अ‍ॅम्पातून यायचा, काचेच्या ट्यूबवाल्या. तो पेटारा कारखान्याच्या माळ्यावर मरून पडला होता. ट्रान्सफॉर्मर शाबूत, स्पीकर शाबूत, बाकी सगळं गंजलेलं. मी तो खाली काढला. वहिनीने एक रंगाचं टेबल रिकामं करून दिलं आणि बजावलं, की मूर्तीला चटका लागला तर तुला रोह्याला पोचवायला येणार नाय.

त्यानंतरचे रविवार मला अजून स्वप्नासारखे आठवतात. ट्यूब मी स्टीलच्या डब्यात कापूस घालून न्यायचे. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, अंडी हायत का गो? मी हो म्हणून टाकलं. ट्यूब म्हणजे काय ते सांगत बसण्यापेक्षा अंडी बरी. कारखान्यात शिरलं की बाहेरचा उजेड पावसाने मऊ झालेला, आणि आत रांगेने पांढऱ्या मूर्ती, अजून डोळे नसलेल्या. रंग वाळावा म्हणून लावलेले मोठे बल्ब, पंख्यांची घरघर, कौलांवरचा पाऊस. त्या सगळ्यांत माझं टेबल. मी तार टेकवते, धूर निघतो, वर जातो, एखाद्या गणपतीच्या सोंडेशी रेंगाळतो.  वेळ कुठे जायचा ते कळायचं नाही.

ट्यूबचं काम मी दादाला समजावलं तेव्हा त्याला ते माझ्यापेक्षा लवकर पटलं. आत एक तार लाल होते. तिच्या उबेने वीज सुटते आणि मधल्या जाळीतून पलीकडे जाते. गिटारचा एवढासा आवाज जाळीवर आला की पलीकडची सगळी वीज त्याच्याप्रमाणे हलते, आणि एवढ्याशाचं मोठं होतं. ट्यूबच्या पायाशी एक रेझिस्टन्स असतो. तो तिला आवरतो. ती जितकी उसळेल तितकं तिलाच मागे ओढतो. त्या रेझिस्टन्सच्या बाजूने एक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून धरणारा डबा, जोडला की ओढ सुटते, आवाज जवळजवळ दुप्पट होतो, पुढच्या ट्यूबवर जाऊन आदळतो आणि त्याला ती खरखर येते, जी ऐकून हळदीत म्हाताऱ्यासुद्धा उठतात. म्हणजे सगळा खेळ त्या एका कॅपॅसिटरचा. तो जोडायचा किंवा सोडायचा. माझं पायाचं बटण आतला एक छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, हलवत होतं, आणि तो रिले कॅपॅसिटर जोडत होता.

दादाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे ती सवताच सवताला धरून ठेवते?"

मी म्हटलं हो. तो ट्यूबवर वाकला. त्याच्या चेहऱ्यावर तिचा नारिंगी उजेड पडला होता. मला वाटतं, त्या वर्षात त्याला पहिल्यांदाच कुणाची तरी गोष्ट आपल्यासारखी वाटली असेल.

एकदा संध्याकाळी असंच तो आरतीची चाल वाजवत होता, बटण वरच, आणि लाईट गेली. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प असता तर चट्कन मेला असता. हा मेला नाही. ट्यूब लाल होती तोवर आवाज राहिला, मग हळूहळू बुडत गेला. दादा अंधारात वाजवतच राहिला. शेवटी नुसत्या तारांचा आवाज उरला. वहिनी कुंचला हातात धरून तशीच बसली होती. लाईट आल्यावर आम्ही तिघेही एकमेकांकडे बघायला थोडे लाजलो. आजही रोह्यात लाईट गेली की मी दोन क्षण कान देते. फ्रिज, पंखा, टीव्ही सगळे चट्कन गप्प होतात आणि मला उगाच त्यांचा राग येतो.

अ‍ॅम्प पुरा झाला त्या रविवारी मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना दाखवला. बटण खाली, परत दाबून वर, खाली, वर. अगदी पहिल्या दाबाला स्पीकरमधून एक धप्प असा आवाज आला, नंतर काही नाही. मी म्हटलं, नवीन आहे, पहिला ठोका दिलाय. आणि मग, मला माझं सर्व ज्ञान दाखवायची हौस ना, मी पेन्सिलने ट्यूबच्या काचेवर टिचकी मारली. स्पीकरमधून टण्ण झालं. दादाला म्हटलं, बघ, किती नाजूक आहे, बाहेरचा धक्कासुद्धा हिला ऐकू जातो. टेबलावर जपून ठेव.

झालं. मी रोह्याला निघून आले.

पुढच्या रविवारी गेले तर दादा वाजवत होता, पण आरतीच. सुंदर वाजवत होता. एका मापाच्या हाताची आरतीसुद्धा अशी हळू, मऊ निघत होती की मला भरून आलं. मी म्हटलं, आता नाच लाव. तो म्हणाला, लावीन. बटणाकडे पाय गेला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. बटण आवडलं नाही का? आवडलं. मग दाब की. दाबीन, घाई कसली. हरतालिका तोंडावर आली होती आणि हा म्हणतो घाई कसली! मी चिडले. म्हटलं, मी शिफ्टी बदलून घेऊन येते, माझी पाठ मोडली वाकून वाकून, आणि तुला पाय उचलवत नाही? बोलून गेले. त्याने मान खाली घातली. वहिनी मला हात धरून मागच्या पडवीत घेऊन गेली.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.  पण तिने कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली जमिनीवर शाडूची एक वडी थापलेली होती, पाट असावा एवढी, मऊ. तिच्यावर एकावर एक पावलाचे ठसे. उजव्या पायाचे. बाजूला भिंतीशी अशाच वाळलेल्या वड्या रचून ठेवलेल्या.

"रोज पहाटं उठून हे करतात," वहिनी म्हणाली. "बटन दाबलं का पेटाऱ्यात धप्प होतं. म्हनतात, माझा पाय जड पडतो, ट्यूब हादरते. तुला सांगू नको म्हनाले. तू येवढं केलंस नि पायच नाय धड, हे तुला कशाला सांगायचं."

मी खाली बसले. वाळलेल्या वड्यांत पहिले ठसे खोल होते, टाच रुतलेली. पुढचे उथळ. मऊ वडीवरचा शेवटचा ठसा तर नुसता टेकल्यासारखा, बोटं दिसतात न दिसतात असा. मूर्ती करणाऱ्या माणसाने मातीलाच विचारलं होतं की माझा पाय किती जड आहे. आणि माती त्याला दर पहाटे खरं सांगत होती. फक्त त्याचा प्रश्नच चुकीचा होता, कारण दोष त्याच्या पायात नव्हताच, तो माझ्या कॅपॅसिटरमध्ये होता.

मला ते तिथेच, उकिडव्यानेच, लख्ख कळलं. बटण वर असतं तेव्हा कॅपॅसिटरचं एक टोक लोंबतं राहतं. पाचदहा मिनिटं तसं राहिलं, त्यातून आमच्याकडची दमट हवा, की त्यातला भार गळून जातो. मग बटण दाबलं की तो उपाशी माणसासारखा एकदम ओढून घेतो, ट्यूब दचकते, स्पीकर धप्प करतो. मी बटण भराभर दाबून बघितलं होतं, त्याला रिकामं व्हायला वेळच दिला नव्हता. दादा मात्र आरती पूर्ण वाजवायचा. शांतपणे, सगळी कडवी. आणि मग पाय टेकवायचा. दुसऱ्यांची यंत्रं खोटं बोलतात का ते तपासायचा मला पगार मिळतो, आणि स्वतःच्या यंत्राला मी साधं आरतीभर थांबून ऐकलं नव्हतं.

इलाज एवढासा होता. रिलेच्या दोन टोकांत एक मोठा रेझिस्टन्स, एक मेगचा, म्हणजे दहा लाख ओहमचा, आकाराने तांदळापेक्षा थोडा मोठा. त्यातून इतकी थोडी वीज जाते की आवाजात काही फरक पडत नाही, पण कॅपॅसिटर भरलेला राहतो. माझ्याकडे त्या दिवशी तो नव्हता, आणि नुसत्या बोलण्यावर दादाचा विश्वास बसला नसता, म्हणून त्याला काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला आणला, आणि ती खेप म्हणजे हरतालिकाच.

त्या दुपारी कारखान्यात माणसांची नुसती ये-जा. पाट, टॉवेल, टोप्या, प्लास्टिकचे कागद. मूर्ती निघत होत्या, फळ्या मोकळ्या होत होत्या. वहिनी उपाशी, तोंड सुकलेलं, तरी एका राहिलेल्या मूर्तीच्या बुबुळात पांढरा ठिपका देत होती. मी अ‍ॅम्प बंद केला, आतली वीज उतरवली, रेझिस्टन्सचं एक टोक जोडलं, दुसरं मोकळं ठेवलं. दादाला हाक मारून स्टुलावर बसवलं.

मी सांगितलं, की धप्प तुझ्या पायाचं नाही. त्याने ऐकलं आणि हसला, आपल्याला बरं वाटावं म्हणून कुणी बोललं की माणूस जसा हसतो तसा. "नको गो नंदे," तो म्हणाला. "मला ठाव हाय माझा पाय."

मी वाद घातला नाही. कॅपॅसिटर रिकामा केला, अ‍ॅम्प लावला, ट्यूब लाल होऊ दिली. मग पायाचं बटण उचलून हातात घेतलं आणि करंगळीने दाबलं. धप्प. दादाने माझ्या करंगळीकडे पाहिलं. परत बंद केलं, बटण वर आणलं, वीज उतरवली, दुसरं टोक जोडलं, राळेचा धूर वर गेला. परत लावलं. या वेळी मी थांबले. आरती संपेल एवढा वेळ, घड्याळाकडे न बघता, गप्प. येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते, की ही दोघं भावंडं पेटाऱ्यापुढे हात जोडल्यासारखी काय बसलीत. मग बटण दाबलं. काही नाही. नुसता ट्यूबचा श्वास वाढला, तो खोल सूं आवाज.

"म्हंजे पाय नव्हता?" दादाने विचारलं.

"नव्हता."

तो उठून मागे मातीच्या पोत्यांकडे गेला. पाठमोरा उभा राहिला. मी मागे गेले नाही. कधीकधी माणसाला त्याच्या पाठीबरोबर एकटं सोडावं.

संध्याकाळी पाऊस थोडा उघडला. आमचा गणपती उंबऱ्यात आला. दादा पायरीवर बसला, साडीतून काढलेली गिटार मांडीवर, बटण उजव्या पायापुढे. आळीतली माणसं दाराशी आली होती. त्यांना माहीत होतं की गेल्या थंडीपासून हा हात चारचौघांत कुणी ऐकलेला नाही. त्याने आरती धरली. हळू, एकसारखी, रिकाम्या फळ्यांवरून फिरून परत येणारी. शेवटचं कडवं आलं.  वहिनीने तबक खाली ठेवलं आणि माझं मनगट पकडलं.

मला वाटलं, तो पाय हळूच टेकवेल. इतके दिवस रोज पहाटे त्याने तेच तर केलं होतं. पण दादाने गुडघा वर उचलला, छातीपर्यंत म्हणावा इतका, आणि पाय सगळ्या अंगाच्या जोराने खाली आपटला. पायरी हादरली. आणि पेटाऱ्यातून दुसरं काहीही आलं नाही, फक्त त्याची गिटार आली, मोठी, खरखरीत, थेट नाचाच्या चालीवर, मधे एक मात्रासुद्धा न सोडता. मी मोठ्याने रडले. या वेळी पाऊसही नव्हता, सगळ्यांनी पाहिलं, पाहू देत. दादा दर समेला तो पाय उचलत होता आणि आपटत होता, आता तर बटणावरही नाही, बाजूला, नुसता दगडावर.

"अवो, हळू," वहिनी ओरडून म्हणाली. "फरशी फुटंल."

"फुटू दे," दादा म्हणाला.